पेपर सगळ्यांना सारखा होता, मग अन्याय कसला?

पत्राचा सारांश: नाशिक जिल्ह्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचं हे पत्र आहे. शाळेत आठवीपासून सेमी-इंग्रजीची एक तुकडी आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. या तुकडीत कोणी बसायचं हे सातवीच्या शेवटी शाळेतच होणाऱ्या 50 गुणांच्या इंग्रजी चाचणीवर ठरतं. 30 पडले की सेमी, नाहीतर दुसरी तुकडी. सहा वर्षं हा पेपर बाईच काढतात. यंदा एका मुलीला 27 पडले. वडील द्राक्षबागेत कामाला, घरी पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासींची कोकणी बोली. ही मुलगी फवारणीच्या औषधांवरचं इंग्रजी वाचून वडिलांना आणि इतर मजुरांना समजावून सांगते, हे बाईंनी स्वतः पाहिलं आहे. उलट चाळिसाच्या वर गुण घेऊन सेमीत गेलेली काही मुलं विज्ञानाच्या पुस्तकापुढे गप्प बसतात, ही विज्ञानाच्या सरांची दरवर्षीची तक्रार. बाईंनी विषय काढला तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘पेपर सगळ्यांना सारखा, वेळ सारखा, दोन शिक्षिकांनी वेगवेगळा तपासला तरी गुण तेच. मग अन्याय कसला?’’ बाई विचारतात, गप्प बसू, की कुठून तरी तीन गुण देऊन तिला आत घेऊ? सोबत त्यांनी पेपर आणि त्या मुलीचे प्रश्नवार गुण पाठवले आहेत.

बाई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या बाजूने आणि दुसऱ्यांदा मुद्दाम तुमच्या मुख्याध्यापकांच्या बाजूने. दुसऱ्या वाचनात त्यांचं म्हणणं मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच वजनदार निघालं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

दोघींनी वेगवेगळा तपासून गुण तेच येणं ही काही किरकोळ गोष्ट नाही. 1912 साली अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका 142 शिक्षकांकडून तपासून घेतली. कोणी तिला 100 पैकी 64 दिले, कोणी 98. पोर तेच, अक्षर तेच, उत्तरं तीच. बोर्डाचे गठ्ठे तपासताना नियामकांनी माझ्या गुणांवर लाल शाईने फिरवलेले आकडे आठवले की त्या 142 जणांविषयी मला आपुलकीच वाटते. तुमच्या शाळेत ही भानगड नाही. म्हणजे बी.एड.ला आपण घोकलेल्या दोन शब्दांपैकी ‘विश्वसनीयता’ तुमच्याकडे बऱ्यापैकी आहे. मुख्याध्यापक बोलतायत ते या पहिल्या शब्दाबद्दल. तुम्हाला रात्री जागं ठेवतोय तो दुसरा शब्द. पुस्तकात त्याला ‘सप्रमाणता’ म्हणायचे, हल्ली ‘वैधता’ म्हणतात, म्हणजे गुणांवरून आपण जे ठरवतो ते खरंच ठरवता येतं का. दोघं एकमेकांशी वेगवेगळ्या विषयांवर भांडताय, आणि म्हणूनच ते मिटत नाहीये.

तुमच्या भागातलंच उदाहरण देते, मुख्याध्यापकांच्या घरी चार एकर बाग असेल तर त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळेल. ब्रिक्स मीटरवर घडातल्या मण्याचा रस टाकला की गोडी किती ते कळतं. तुम्ही टाका, मी टाकते, पॅकहाऊसचा सुपरवायझर टाकू दे, आकडा जवळपास तोच येणार. मीटर अगदी विश्वासाचं. पण त्या आकड्यावरून कोणी म्हणालं, ‘माल रेसिड्यू-फ्री आहे, युरोपला पाठवा,’ तर आपण त्याला वेड्यात काढू. मीटर खोटं बोललेलं नसतं. त्याने गोडीचं उत्तर दिलं, आपण त्याच्या तोंडी औषधाच्या अंशाचं उत्तर घातलं.

आणि हे फक्त कल्पनेतलं नाही. 2010 चा हंगाम तुमच्याकडच्या शेतकऱ्यांच्या अजून लक्षात आहे. इथल्या तपासण्यांतून पास होऊन गेलेली द्राक्षं युरोपात अडकली, कारण तिथे क्लोरमेक्वाट क्लोराईडचा, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सीसीसीचा, अंश सापडला. इथल्या तपासणीच्या यादीत तेव्हा ते रसायनच नव्हतं. प्रयोगशाळेने जे तपासलं ते बरोबर तपासलं होतं. जे तपासायला हवं होतं ते यादीत नव्हतं. माल सगळ्यांचा सारख्याच यादीने तपासला होता, म्हणून काही नुकसान टळलं नाही.

आता तुमच्या पेपरकडे येते. रागावू नका, मी स्वतः असेच पेपर वर्षानुवर्षं काढले आहेत.

काळ ओळखा व बदला, 12 गुण. आर्टिकल आणि प्रिपोझिशन, 8. राइमिंग शब्दांच्या जोड्या, 5. उतारा, 10. पत्रलेखन, 15. घटक चाचणी म्हणून हा पेपर सुबक आहे. सातवीचं पुस्तक नीट शिकवलं गेलं का, या प्रश्नाला तो चांगलं उत्तर देईल. पण तुम्ही त्याला विचारताय, ‘हे पोर जूनपासून विज्ञान आणि गणित इंग्रजीतून पेलू शकेल का?’ हा प्रश्न या पेपरला कधी कोणी विचारलाच नव्हता. पेपर आधी होता, सेमीची तुकडी नंतर आली आणि हाताशी होता तोच पेपर दारावर उभा केला गेला, असा माझा अंदाज आहे. बहुतेक शाळांत असंच होतं.

राइमिंगचे 5 गुण बघा. कागदावर जोडी जुळवली म्हणजे उच्चार येतात, असं आपण धरून चालतो. जपानमध्ये विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांत अशाच प्रकारे कागदावर उच्चार तपासायचे. गॅरी बक नावाच्या अभ्यासकाने कागदावरचे गुण आणि मुलांचे प्रत्यक्ष उच्चार ताडून पाहिले आणि 1989 साली लिहिलं की दोन्हींचा मेळ बसत नाही. आणि समजा बसला असता, तरी प्रकाशसंश्लेषणाचा धडा वाचायला यमक लागतं कुठे?

उताऱ्याचं जरा सविस्तर सांगते, कारण तिथे आपण सगळेच फसतो. हे वाक्य वाचा: ‘गबूने सकाळी तिरमाला पोचकं दिलं.’ आता प्रश्न: गबूने सकाळी कोणाला पोचकं दिलं? उत्तर आलं ना? तिरमाला. पैकीच्या पैकी गुण. आणि पोचकं म्हणजे काय, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. तुमच्या उताऱ्याखालचे पाचपैकी चार प्रश्न या जातीचे आहेत. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य उतरवून काढायचं. हुशार पोरं ही युक्ती चौथीतच शिकतात. विज्ञानाच्या पुस्तकापुढे चाळीसवाली मुलं गप्प का बसतात, याचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं. तिथे वाक्य उतरवून भागत नाही. ‘हे तापवलं तर काय होईल आणि का’ असं विचारलेलं असतं.

पत्रलेखनाचा विषय आहे, मैत्रिणीला पत्र लिहून तुम्ही केलेल्या मॉलच्या सफरीचं वर्णन करा. बाई, ती मुलगी मॉलमध्ये गेली आहे का? नाशिक शहरातल्या मुलीला इंग्रजी जुळवायचं आहे, तुमच्या या मुलीला इंग्रजीही जुळवायचं आणि आधी मॉलही मनात उभा करायचा. तिला इथे 15 पैकी 3 आहेत.

सॅम्युएल मेसिक या मानसशास्त्रज्ञाने 1989 साली ‘एज्युकेशनल मेजरमेंट’ या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत वैधतेवर जवळपास 90 पानांचं प्रकरण लिहिलं. भाषेच्या परीक्षांविषयी पुढे जे लिहिलं गेलं त्यातल्या बऱ्याच लिखाणाचं मूळ तिथे आहे. भयंकर अवघड गद्य आहे, पण त्यातल्या दोन गोष्टी आपल्या स्टाफरूममध्ये सहज समजतील. चाचणी दोन प्रकारे बिघडते. जे मोजायला हवं त्यातलं मोठं काहीतरी सुटून जातं, किंवा ज्याचा संबंध नाही असं काहीतरी आत घुसतं. तुमच्या पेपरमधून विज्ञानाचं इंग्रजी वाचून समजणं सुटलंय, शिक्षकाने तोंडी सांगितलेलं ऐकून समजणं तर पूर्णच सुटलंय. आणि आत घुसलाय तो मॉल.

मेसिक यांची आणखी एक गोष्ट तुमच्या मुख्याध्यापकांना सांगण्यासारखी आहे. वैध किंवा अवैध असतो तो गुणांवरून आपण काढलेला अर्थ आणि त्या अर्थावर घेतलेला निर्णय. नुसत्या पेपरवर तो शिक्का मारता येत नाही. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. ग्रामीण शिक्षणाच्या ‘असर’ या पाहणीत 2005 पासून गावोगाव मुलांच्या घरी जाऊन एकेका मुलाकडून अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट असं मोठ्याने वाचून घेतात. जिल्ह्यात आणि राज्यात वाचनाची काय स्थिती आहे हे सांगायला ते साधन चांगलं आहे. पण उद्या कोणी तोच कागद घेऊन ‘तू सेमीत, तू बाहेर’ करायला लागला तर ते चालणार नाही, कागद तोच असला तरी. तेव्हा मुख्याध्यापकांना ‘पेपर वाईट आहे’ असं म्हणू नका. तुम्हीच काढलेला पेपर आहे, शिवाय ते खरंही नाही. ‘या पेपरवरून आपण जे ठरवतोय ते ठरवता येतं का?’ एवढंच विचारा. यात कोणाचीच मान खाली जात नाही.

मी स्वतः हा धडा फार उशिरा शिकले. दहावीच्या तोंडी परीक्षेचे 20 गुण असायचे, त्यात मुलांना पाच विषय आधी देऊन ठेवायची पद्धत आमच्या शाळेत होती. एका मुलाने ‘माय फेवरिट फेस्टिव्हल’ असं काही घडाघडा म्हटलं की मी 18 देऊन मोकळी झाले. मधल्या सुट्टीत त्याला सहज इंग्रजीत विचारलं, डबा खाल्लास का? तो माझ्याकडे बघतच राहिला. मग परत दिवाळीच सुरू केली. तेव्हा हसू आलं होतं. घरी जाताना लक्षात आलं की ते 18 गुण कशाचे होते हे मला सांगता आलं नसतं.

त्याच 20 गुणांचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. 2018 साली दहावीचा राज्याचा निकाल 89.41 टक्के होता. पुढच्या वर्षी भाषांच्या तोंडी परीक्षेचे गुण बंद झाले आणि अभ्यासक्रमही बदलला, निकाल आला 77.10 टक्के. ओरड झाली, तोंडीचे गुण परत आले आणि 2020 ला निकाल 95.30 टक्के लागला. सगळा फरक त्या 20 गुणांचाच होता असं मी म्हणणार नाही, 2020 ला तर कोरोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नव्हता. पण त्या दोन वर्षांत चर्चा झाली ती गुण द्यायचे की काढायचे यावर. त्या 20 गुणांत मुलं बोलतात का, हा प्रश्न मी तरी फार कमी जणांच्या तोंडून ऐकला.

असो. आता थोडं तुमच्याशी भांडते.

तुम्ही त्या मुलीला औषधावरचं इंग्रजी वाचून सांगताना पाहिलं, आणि तुमच्या मनात निकाल लागून गेला. मलाही तो प्रसंग फार आवडला. पण तीही एक चाचणीच झाली, बाई, एका प्रश्नाची. औषधासोबतच्या माहितीपत्रकावर इंग्रजीबरोबर हिंदी आणि प्रादेशिक भाषाही छापलेल्या असतात. तिने नेमकं काय वाचलं? की वडिलांसोबत बागेत चार हंगाम काढल्यामुळे कोणतं औषध किती लिटरला किती, हे तिला वाचण्याआधीच ठाऊक होतं? डब्यावरचा लाल किंवा पिवळा त्रिकोण बघून जपून वापरायला सांगणं आणि इंग्रजी वाचणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ती वाचतच नसेल असं मी म्हणत नाही. उलट तिचे प्रश्नवार गुण बघता तुमचा अंदाज बरोबर असावा. उताऱ्यात 10 पैकी 9 आहेत, आणि ज्या एका प्रश्नाला खरोखर विचार करावा लागतो त्याचं उत्तर तिने मोडक्या इंग्रजीत पण बरोबर लिहिलंय. व्याकरणात 20 पैकी 14. तिचे गुण गेले ते पत्रात आणि यमकात. पण जी कसोटी आपण पेपरला लावतो तीच स्वतःच्या निरीक्षणाला लावायला हवी. नाहीतर उद्या दुसऱ्या बाई म्हणतील, माझ्या भाचीला मी इंग्रजी कार्टून बघताना पाहिलंय.

पत्रातले 3 गुणही पूर्ण मॉलच्या खाती टाकू नका. सेमीत घटक चाचणीची उत्तरं इंग्रजीत लिहावी लागणार आहेत. तिची वाक्यं फार तुटक आहेत. आत आली तर पहिले सहा महिने तिला लिहिण्यात आधार लागेल, हे आत्ताच धरून चला.

दुसरं, तुम्हाला चुका दिसतायत त्या आत आलेल्या मुलांच्या. चाळीस गुणांचा मुलगा विज्ञानाच्या तासाला अडकला की सर येऊन सांगतात. पण 28 पडलेली आणि सेमी सहज पेलू शकली असती अशी मुलं गेल्या सहा वर्षांत किती गेली? ते कोणीही सांगू शकत नाही, कारण ती तुमच्या विज्ञानाच्या वर्गात कधी बसलीच नाहीत. ही एक मुलगी तुम्हाला दिसली कारण तुम्ही योगायोगाने त्या बागेशेजारून जात होतात. म्हणून प्रश्न एकट्या तिचा नाही. ‘तीन गुण देऊन आत घेऊ का’ याचं माझं उत्तर इथेच आलं. नको. कळलं तर गावात तुमच्यावर शेकेल हा भाग आहेच, पण त्याहून मोठी अडचण अशी की तुम्ही तिला वाचवाल आणि पेपर जिथल्या तिथे राहील. पुढच्या वर्षी अशीच दुसरी मुलगी असेल, आणि तिच्या बागेशेजारून कोणी जात नसेल.

तिसरं जरा नाजूक आहे. तुमच्या पत्रात तीन ठिकाणी ‘मागे राहील’ असं आलंय, दुसऱ्या तुकडीबद्दल. मराठीतून विज्ञान शिकणं म्हणजे मागे राहणं, हे कधी ठरलं? मी आणि कदाचित तुम्हीही मराठीतूनच गुरुत्वाकर्षण शिकलो. पण तुमच्या शाळेत चांगले शिक्षक, चांगली प्रयोगशाळेची वेळ सेमीलाच मिळत असेल तर भीती खरी आहे आणि तो प्रश्न चाचणीचा नाही, वेळापत्रकाचा आहे. तोही एकदा मांडा. आणि त्या मुलीला तुम्ही विचारलंत का, तिला जायचंय का? पत्रात तिचं म्हणणं कुठेच नाही.

आता यंदापुरतं काय करायचं ते सांगते. निकाल लागलाय, शाळा जूनच्या मध्याला उघडेल, हातात थोडे आठवडे आहेत. मुख्याध्यापकांना सुचवा की 25 ते 34 गुणांच्या मधल्या सगळ्या मुलांना दुसरी संधी द्यायची. सगळ्यांना, आणि सूचना फलकावर लावून. 29 आणि 31 मध्ये फरक आहे असं मानणं हा नुसता कट-ऑफचा भास आहे. त्या दिवशी ताप असता, शेजारी खिडकीत ढोल वाजत असता तर आकडे उलटे आले असते. 30 हा आकडा तरी कुठून आला, हे तुमच्या पत्रात नाही. बहुधा 60 टक्के गोल दिसतात म्हणून.

31 ते 34 वाल्यांच्या पालकांना वाटेल की मिळालेलं काढून घेतायत. त्यांना आधीच सांगा की कोणालाही बाहेर काढायचं नाही, फक्त कोणाला मदत लागेल ते बघायचंय. हे खरंही ठेवा. आत येणं मात्र खालच्या बाजूने मोकळं असू दे. वर्गात चार-पाच बाकं वाढतील, एवढं जमेल.

दुसऱ्या संधीत काय करायचं? विज्ञानाच्या आणि गणिताच्या सरांना बरोबर घ्या, एकट्याने करू नका. आठवीच्या ‘जनरल सायन्स’मधलं, मुलांनी न पाहिलेलं अर्धं पान द्या. दहा मिनिटं वाचू द्या. मग मुलाला जवळ बसवून, त्यात काय सांगितलंय ते मराठीत विचारा. हो, मराठीत. त्याने कोकणीत किंवा अहिराणीत सांगितलं आणि तुम्हाला कळलं तरी चालेल. आपल्याला बघायचंय ते इंग्रजीतून आत काय गेलं. बाहेर येणारी भाषाही इंग्रजीच ठेवली तर समजलं नाही की सांगता आलं नाही, हे वेगळं करता येणार नाही. मग सरांनी एका छोट्या प्रयोगाच्या चार सूचना इंग्रजीत, वर्गात देतात तशाच, तोंडी द्याव्यात आणि मुलाने त्या करून दाखवाव्यात. हे पाणी यात ओत, अर्ध्यापर्यंत, हलव, दोन मिनिटांनी काय दिसतं ते सांग. शेवटी गणिताचं एक शाब्दिक उदाहरण, सोडवायचं नाही, फक्त काय दिलंय आणि काय काढायचंय ते सांगायचं. एका मुलाला वीस मिनिटं लागतील. पंधरा मुलं असतील तर दोन सकाळी.

गुण दोघांनी वेगवेगळे द्या आणि मग ताडून बघा, तुमची ती जुनी सवय इथेही मोडू नका. मोजमाप डळमळीत असेल तर त्यावरून काढलेला कुठलाच अर्थ टिकत नाही. मुख्याध्यापकांचा आग्रह तेवढ्यापुरता शंभर टक्के बरोबर आहे.

पुढच्या वर्षीचा पेपर मात्र उलट्या टोकाकडून काढा. आधी सरांकडून लिहून घ्या की जून-जुलैत सेमीच्या वर्गात मुलाला इंग्रजीत काय काय करावं लागतं. संविधान तक्ता, म्हणजे कशाला किती गुण याचा आराखडा, त्या यादीवरून बनवा, व्याकरणाच्या अनुक्रमणिकेवरून नको. परदेशी जाणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टरांसाठी ‘ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट’ नावाची परीक्षा आहे, ऑस्ट्रेलियात सुरू झालेली. तिथे परिचारिकेला रुग्णाच्या नोंदी वाचून पुढच्या दवाखान्यासाठी पत्र लिहायला देतात, रुग्णाशी बोलायला लावतात. मॉलची सफर विचारत नाहीत. तसंच काहीसं आपल्या पातळीवर करायचंय.

जुन्या मुलांचे आकडे शाळेत पडलेलेच आहेत, तेही काढा. गेल्या तीन वर्षांची निवड चाचणी एका रकान्यात, आठवीच्या पहिल्या सत्रातले विज्ञान-गणिताचे गुण दुसऱ्या रकान्यात. वर-खाली एकत्र जातायत का, डोळ्यांनीच बघा, सांख्यिकी लागत नाही. फक्त लक्षात ठेवा की त्यात 30 च्या खालचं कोणीच नसेल, त्यामुळे चित्र अर्धंच दिसेल. यंदा खालून जी चार-पाच मुलं आत येतील, त्यांच्यावर वर्षभर नीट लक्ष ठेवा. उरलेल्या अर्ध्या चित्राची सुरुवात ती मुलं करून देतील.

तुम्ही लिहिलंय की गावात आता ‘सेमी बॅच’ नावाची शिकवणी निघाली आहे आणि तिथे सहावीपासून राइमिंग शब्दांच्या याद्या पाठ करून घेतात. शिकवणीवाल्यांना दोष देऊ नका. पेपर जे मागतो ते बाजार विकतो. पेपरमध्ये विज्ञानाचं पान आलं की सहा महिन्यांत ते विज्ञानाची पानं वाचून घेऊ लागतील, आणि त्याला आपली काही हरकत नाही.

एक कायद्याची गोष्ट. तुमची चाचणी शाळेतल्याच मुलांची तुकडी ठरवण्यासाठी आहे असं धरून मी लिहितेय. दुसऱ्या शाळेतून आठवीला नव्याने येणाऱ्या मुलाला प्रवेश देताना अशी चाळणी लावायला शिक्षण हक्क कायद्याच्या, 2009 च्या, कलम 13 प्रमाणे मनाई आहे. हे मुख्याध्यापकांच्या कानावर असू द्या.

हे वाचणारे सगळेच शिक्षक नसतील. सातपूर-अंबडच्या कारखान्यात स्टोअरकीपर घेताना वीस रिकाम्या जागा भरायला देणाऱ्यांनी, किंवा ‘स्पोकन इंग्लिश’च्या वर्गात टिकमार्कच्या प्रश्नांवर बॅच ठरवणाऱ्यांनीही आपला कागद एकदा काढून बघावा. स्टोअरकीपरला दिवसभरात काय वाचावं लागतं? चलन, माल आल्याची नोंद, एखादा तक्रारीचा मेल. मग तेच तीन कागद समोर ठेवा, एवढं सोपं आहे. पालकांनी मात्र इंग्रजीतले 85 गुण बघून पोराला मावशीच्या अमेरिकेतल्या जावयाशी फोनवर बोलायला लावू नये. 85 गुणांनी तसं वचन कधी दिलेलं नव्हतं.

तर बाई, मुख्याध्यापकांकडे जाल तेव्हा तिची एकटीची उत्तरपत्रिका घेऊन जाऊ नका. कोरा पेपर आणि आठवीचं विज्ञानाचं पुस्तक, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांनाच चाळू द्या. आणि दुसऱ्या संधीसाठी पान निवडाल तेव्हा पीक संरक्षण, कीटकनाशक, फवारणी यातलं काही घेऊ नका. ते तिला सोपं जाईल आणि शेजारच्या न्हाव्याच्या मुलाला अवघड, म्हणजे मॉलचीच गोष्ट उलट्या बाजूने. चुंबकाचं किंवा ध्वनीचं एखादं पान बघा, जे दोघांनाही सारखंच नवीन असेल.